दगडफूल किती वेळ थांबतं

बाई, आज सकाळी गोंदियाजवळ कुडव्याला माझ्या घरामागच्या आंब्यावर धुकं उतरलं होतं. खोडावरचं दगडफूल हिरवट, मऊ झालं होतं. चहा संपेपर्यंत ऊन आलं आणि ते पुन्हा राखाडी, कडक होऊन बसलं. हे सांगायला घरात कोणी नाही, म्हणून तुम्हाला लिहिते.

स्वातंत्र्य येऊन चार-पाच वर्षं झाली होती. आई गेली आणि बाबांनी मला गोंदियाच्या शाळेतून काढून तिरोड्याजवळच्या आमच्या गावी नेलं. मी रांधत होते, धान कांडत होते, कुणाशी बोलत नव्हते. आणि एका रविवारी तुम्ही तिरोड्याला गाडीतून उतरून, पुढे बैलगाडीने आमच्या अंगणात येता. शाळेतल्या विज्ञानाच्या बाई, एकट्या. बाबा खाट टाकतात, पाणी देतात, पण बोलतात रोखठोक. "आता शाळा कायले, बाई? घरी भात कोन रांधन?" तुम्ही पदर खोचता. "तुम्ही. चला, दाखवते." बाबा खरंच चुलीपुढे बसले. त्यांचा पहिला भात करपला, तो आपण तिघांनी खाल्ला.

हात धुऊन तुम्ही परसातल्या आंब्यापाशी गेलात आणि लोट्यातलं उरलेलं पाणी खोडावर ओतलंत. दगडफुलाची वाळकी राखाडी पापडी बघता बघता हिरवी झाली आणि उन्हाने पुन्हा वाळायला लागली. हे पाणी धरून काऊन ठेवत नाही, असं मी विचारलं. आई गेल्यापासूनचं माझं ते पहिलं धड वाक्य. तुम्ही सांगितलंत, याला मुळं नाहीत, पाणी अडवणारी कातडी नाही; दव, धुकं, पाऊस, मिळेल ते अंगभर शोषतं आणि ऊन आलं की सगळं सोडून देतं.

"मंग मरते का?"

"नाही. थांबतं."

किती वेळ थांबू शकतं, ते तुम्हालाही ठाऊक नव्हतं, आणि तुम्ही तसं सांगूनही टाकलंत. पुढच्या आठवड्यात मी शाळेत होते.

मी नागपूरला कॉलेजात असताना तुम्ही तापाने गेलात. कुणाला कळवायचं, ते शाळेत कुणालाच माहीत नव्हतं म्हणे. तुमच्या माणसांबद्दल तुम्ही कधी बोललाच नव्हता. पुढे मीही विज्ञानच शिकवलं, तेव्हा एक गोष्ट वाचनात आली. वाळलेलं दगडफूल भिजलं की आधी स्वतःजवळचंच अन्न खर्च करतं, मग कुठे कमवायला लागतं. जरासं भिजून लगेच वाळलं, तर उलट तोटाच होतो. हे ऐकून तुम्ही काहीतरी अवघड विचारलं असतंत. काय, ते मला सुचत नाही.

हे पत्र कुठेच जायचं नाही, तेव्हा खरं सांगून टाकते. तुमचे शब्द सगळे आठवतात, बाई. तुमचा आवाज आठवत नाही.