नॉन-स्कीअर्स : दोन

मंगळवार, ६ जानेवारी

पडले. उठले. पडले. कितव्यांदा तरी पडले तेव्हा पाचेक वर्षांची एक चिमुरडी मला वळसा घालून गेली आणि जाता जाता "सॉरी" म्हणाली. चूक माझी, सॉरी तिची. कॅनडा!

मैत्रीण सुनंदाचंच हे खूळ. आयुष्यभर डॉक्टरकी केली, आता रिटायर झाल्यावर दर महिन्याला काहीतरी नवीन काढते. आमच्या किचनर शहरातच, घरापासून वीस मिनिटांवर टेकडी आहे, तिथे मंगळवारी सकाळी सीनियर्सना स्की शिकवतात. आठ आठवडे. म्हणाली, सीमा, मी तुझं नाव घातलंय, मंगळवारी पावणेदहाला गाडी घेऊन येते. मी नको म्हणायला तोंड उघडलं आणि 'बरं' निघालं.

नवऱ्याला सांगितलंय — लायब्ररीतला बुक क्लब. चारुदत्तने कुठलं पुस्तक म्हणून विचारलंसुद्धा नाही. मंगळवारी तो मॉलमध्ये चालायला जातो. गुडघ्यांसाठी.

शनिवार, १० जानेवारी

निमिषचा फोन. फेब्रुवारीतल्या फॅमिली डेच्या लाँग वीकेंडला सगळ्यांनी मिळून — तो, त्याची बायको ऊर्मी, आमची नात केया आणि आम्ही दोघं — स्की रिसॉर्टला जायचं. कुठलं, ते ठरवायला त्याने शीट बनवलंय. सॉफ्टवेअरवाला माझा मुलगा, भाजी आणायची तरी शीट बनवेल. आम्हालाही लिंक पाठवली.

तीन नावं. हेरन पीक — उंच, लांब, त्याचं आवडतं. ओटर बे — गरम पाण्याचा मोठा तलाव, बुफे, आणि डोंगर म्हणावा तर उकिरड्याएवढा. तिसरं मिलर्स नोल. समोर रकाने: अंतर, बर्फ, उतार, केयाला मजा, जेवण, बाबांचे गुडघे. प्रत्येक रकान्याला किती वजन द्यायचं तेही ठरलेलं. मग सगळ्याची बेरीज.

आणि सगळ्यात वर —

स्कीअर्स: तीन. नॉन-स्कीअर्स: दोन.

त्या दोनसमोर त्याने टीप लिहिलीय: फायरप्लेस हवी, आई-बाबा बॅगांजवळ बसतील.

शहाऐंशी साली विंडसरला आले. चारुदत्तच्या प्लँटमधले सगळे हिवाळ्यात सहलीला निघाले, बायकाही स्कीवर उभ्या राहत होत्या. तो म्हणाला, तू राहू दे, तुला नाही जमणार. मी राहू दिलं. पुढे निमिष शिकला, आता केया शिकते. मी चाळीस वर्षं बॅगांजवळ.

बुधवार, १४ जानेवारी

मिलर्स नोलचा नकाशा सुनंदाला दाखवला. माथ्यापासून पायथ्यापर्यंत एकच लांबलचक हिरवी वाट आहे. हिरवी म्हणजे आमच्यासारख्या नवशिक्यांची. वरून गोठलेला उपसागर दिसतो म्हणे.

ठरलं. मिलर्स नोलच.

गुरुवार, १५ जानेवारी

चारुदत्तचं मत ओटर बेला. गरम पाणी आणि बुफे म्हटल्यावर दुसरं काय होणार! जेवताना मी सहज म्हटलं, बरं झालं, त्या वीकेंडला ब्रॅम्पटनहून एक भजनी मंडळ बस भरून तिथेच येतंय, ओळखीचं कोणीतरी भेटेल.

कुठलं मंडळ नि कुठली बस. पण मागे एकदा एका मंडळाने त्याला धरून टाळ वाजवायला बसवलं होतं, दोन तास. त्याने भाताचा घास खाली ठेवला. उठून निमिषला मेसेज केला — ओटर बे नको, लांब पडतं.

खोटं बोलले. थोडंसं वाईट वाटलं. भात मात्र नेहमीपेक्षा जास्त खाल्ला.

रविवार, १८ जानेवारी

निमिषकडे जेवायला. ऊर्मी केयाला आंघोळीला घेऊन गेली होती, निमिष बाहेर बर्फ शोव्हल करत होता, चारुदत्त सोफ्यावर डुलकी काढत होता. ओट्यावर लॅपटॉप. उघडा. शीटही उघडं!

हेरन पीकच्या खोल्यांना साठ पायऱ्या आहेत. तरी 'बाबांचे गुडघे' या रकान्याला पोराने वजन किती द्यावं? दोन. बापाच्या गुडघ्यांना दहापैकी दोन! मी नऊ केले. हेरन पीक धाडकन खाली. मिलर्स नोल पहिलं.

निमिष आत आला तेव्हा मी साळसूदपणे कोथिंबीर निवडत होते.

मंगळवार, २० जानेवारी

वळता येतं! फक्त डावीकडे. उजवीकडे काय होतं ते लिहिण्यासारखं नाही.

गुरुवार, २२ जानेवारी

गडबड झाली.

शीटमध्ये कोणी काय बदललं ते दिसतं, हे मला काय माहीत. लॅपटॉप ऊर्मीचा होता, म्हणून बदलासमोर नाव तिचं. निमिषने तिला विचारलं, ती म्हणाली मी हातही लावला नाही. तो म्हणाला, इथे स्पष्ट दिसतंय, हेरन पीक नको तर तोंडाने सांगायचं. ती म्हणाली, तुझा माझ्यापेक्षा एका शीटवर विश्वास आहे. दोन दिवस दोघं एकमेकांशी कामापुरतंच बोलतायत. हे सगळं ऊर्मीने मला दुपारी फोनवर सांगितलं, आणि मग विचारलं, "आई, रविवारी तुम्ही लॅपटॉप उघडला होता का?"

चोरी करावी नि सुनेच्या नावावर खपवावी, एवढी काही मी वाईट नाही. सगळं सांगितलं. शीट, भजनी मंडळ, मंगळवारचा क्लास, उजवीकडचं पडणं, सगळं. आता रागावेल म्हणून वाट बघत होते.

पलीकडून आवाज येईना. मला वाटलं रडते की काय. हसत होती.

मग म्हणाली, "आई, मला स्की अजिबात आवडत नाही."

ही नागपूरची मुलगी लग्न झाल्यापासून, दहा वर्षं, निमिषला वाईट वाटू नये म्हणून दर हिवाळ्यात डोंगरावर जाते. पाय थरथरतात म्हणाली. वर नेणाऱ्या लिफ्टच्या उघड्या खुर्चीत डोळे मिटून बसते. तिला काय हवंय? फायरप्लेसजवळ बसून एक जाड पुस्तक वाचायचंय. कोणी हाक मारता कामा नये.

म्हणजे माझी जागा तिला हवी आणि तिची मला. एका कुटुंबात असून दहा वर्षांत एकमेकींना विचारलं नाही.

सौदा झाला. बदल तिनेच केला असं ती निमिषला सांगणार. सासऱ्यांच्या गुडघ्यांची काळजी म्हणून. त्याला लाज वाटेल आणि तो गप्प बसेल. पोरगी हुशार आहे. मला आजवर कळलं नव्हतं.

शनिवार, २४ जानेवारी

मिलर्स नोल बुक झालं. निमिषने बाबांना फोन करून गुडघ्यांची चौकशी केली. अर्धा तास! चारुदत्त गोंधळून गेला. माझ्या गुडघ्यांचं यांनी काय ऐकलंय, म्हणून मला विचारत होता.

बुधवार, २८ जानेवारी

काल पहिल्यांदा लिफ्टने वर गेले. वर जाणं सोपं. उतरताना ट्रेनर पोरगी मागून ओरडत होती — पिझ्झा, पिझ्झा! म्हणजे वेग कमी करायला पाय फाकवून स्कीची पुढची टोकं जवळ आणायची. मी पिझ्झा केला. तो करपला.

नडगीवर हे एवढं काळंनिळं. चारुदत्तने पाहिलं. डिशवॉशरचं दार लागलं म्हटलं. त्याने डिशवॉशरकडे एकदा पाहिलं. संध्याकाळी उशीजवळ दुखण्यावरचं मलम ठेवलेलं. साधा माणूस आहे. काही सांगा, पटतं.

मंगळवार, १० फेब्रुवारी

उजवीकडे!! उजवीकडेही!!

शुक्रवार, १३ फेब्रुवारी

बॅगा भरल्या. माझी स्कीची पँट ऊर्मीच्या बॅगेत गेलीय, तिचं पुस्तक माझ्या. सव्वासहाशे पानांचं आहे. चारुदत्तने शब्दकोड्यांची वही घेतली. मला म्हणाला, तू बसल्या बसल्या काय करणार? म्हटलं, बघते काहीतरी.

शनिवार, १४ फेब्रुवारी

मिलर्स नोल. खोलीतून लिहितेय.

सकाळी सगळे तयार होऊन लॉजमध्ये आले. निमिष आणि केया हेल्मेट घालून. चारुदत्तने खिडकीजवळची खुर्ची धरली. ऊर्मी शांतपणे त्याच्या शेजारी बसली, पायांवर पांघरूण घेतलं, पुस्तक उघडलं. निमिष तिला चल म्हणतोय तोच मी वॉशरूममधून बाहेर आले. पँट, हेल्मेट, भाड्याचे बूट. त्या बुटांत माणूस चालत नाही, रोबोटसारखं खडखडतं. अख्खं लॉज बघत होतं.

केया म्हणाली, "आजी? व्हॉट इज हॅपनिंग?"

निमिषच्या तोंडाचा आ झाला तो मिटेना. सांगावंच लागलं. सहा आठवडे शिकतेय, तुझी आई आज वरून येणार आहे, तुला यायचं तर ये. त्याने सुरक्षिततेवर भाषण सुरू केलं. हाडं, वय, इन्शुरन्स. केयाने माझा हात धरून लिफ्टकडे ओढलं तेव्हा कुठे थांबला आणि धावत मागे आला.

वर पोचलो. उपसागर खरंच दिसतो. पांढरा, पार क्षितिजापर्यंत. एक क्षण वाटलं, बॅगांजवळची जागा काही वाईट नव्हती.

मग निघाले. डावीकडे, उजवीकडे, डावीकडे. केया पुढे. निमिष मागे, हात पसरून, मी पडले तर झेलायला. अर्ध्या वाटेवर मीच त्याला म्हटलं, हात खाली घे, लोक हसतायत. एकदा पडले. उठले. आपली आपण उठले! शेवटचा उतार लागला तेव्हा वारा कानात शिट्टी घालत होता आणि मी मोठ्याने हसत होते. का ते माहीत नाही.

खाली ऊर्मी बाहेर येऊन टाळ्या वाजवत होती. पुस्तकात बोट तसंच. निमिषचे डोळे ओले. थंडीने पाणी येतं म्हणाला.

आणि चारुदत्त? जॅकेटच्या खिशात हात घालून उभा. त्याला कसलं आश्चर्यच नाही! मी विचारलं, काही बोलणार नाहीस?

"गुडघे अजून वाकव," म्हणाला.

सगळे हसले. मी नाही हसले.

रविवार, १५ फेब्रुवारी

ऊर्मीने नाश्त्याला निमिषला खरं काय ते सांगितलं. तो बराच वेळ टोस्टला लोणी लावत बसला. मग म्हणाला, दहा वर्षं? ती हो म्हणाली. मग त्यानेच उठून तिची खुर्ची फायरप्लेसजवळ सरकवली. शहाणा आहे, वडिलांवर गेलेला नाही.

वडिलांना मी दुपारी गाठलं. मला राहवेना. म्हटलं, बुक क्लब म्हणून खोटं बोलले, त्याचा राग आलाय का? तो म्हणाला, नाही.

"खरं सांगितलं असतं तर तू नकोच म्हणाला असतास."

त्याने कोड्यातून डोकं वर केलं. थोडा विचार केला.

"हो," म्हणाला. "म्हणालो असतो."

एवढंच. आणि पुन्हा आडवे शब्द, उभे शब्द. चाळीस वर्षं झाली, या माणसाच्या तोंडून एक 'वा' निघत नाही.

सोमवार, १६ फेब्रुवारी

घरी. परतीच्या वाटेवर दोन तास बोलले नाही. त्याला कळलं की नाही देव जाणे. गाडी चालवत होता.

मंगळवार, २४ फेब्रुवारी

आज शेवटचा क्लास. चारुदत्तला डेंटिस्टकडे जायचं होतं.

भाड्याचे बूट परत देताना काउंटरवरच्या मुलीने विचारलं, तुझा नवरा आज नाही आला? म्हटलं, तो कधीच येत नाही. ती म्हणाली, येतो की. दर मंगळवारी. वरच्या मजल्यावरच्या कॅफेत, खिडकीशी. त्या बुटांत जिना चढवत नाही म्हणून सुनंदा आणि मी कधी वर गेलोच नाही.

अगदी पहिल्याच मंगळवारी आला होता म्हणे. दारातून मला सुनंदाच्या गाडीत स्कीची पँट ठेवताना पाहिलं असावं. आधी विचारलं, मदत करणारे लोक कुठे बसतात, माणूस पडला तर किती मिनिटांत पोचतात. मग खिडकीत बसला, आणि मी पडले की पेपर नॅपकिनवर एक रेघ ओढायचा. गेल्या मंगळवारी खाली आला आणि तिला म्हणाला — आज फक्त दोन रेघा! मुलीला वाटलं होतं मला माहीत असेल. तिला म्हणाला होता, मी पाहतोय हे कळलं तर ती यायची थांबेल.

घरी आले. चारुदत्तचा अर्धा गाल सुजलेला, बोलताना शब्द सांडत होते. तरी त्याने विचारलंच, किती वेळा पडलीस?

मी एकदाच म्हटलं.

चारदा पडले. आज मोजायला कोणी नव्हतं.