दुसऱ्या चुलीचा वाटा

देवबाग, ७ नोव्हेंबर १९६१

ती. दादास,
कृ. सा. न. वि. वि.

इकडे सर्व खुशाल म्हणायचे, एवढेच. भिकाजीपासून मला काडीमोड देताना कोर्टाने पोरीच्या, मथुराच्या पोटगीचे महिना पंचवीस रुपये ठरवले होते. गेल्या दोन मनीऑर्डरींत भिकाजीने बावीसच पाठवले. कुपनावर लिहितो, तीन रुपये मथुराच्या औषधफंडास. औषधे आणते मी, मग हा फंड कुठला? नव्या बायकोचे नाव फंड ठेवले असेल तर मला ठाऊक नाही!

पोरीचे दोन्ही कान वाहतात. सात वर्षांची झाली, पण हाका मारल्या तरी ऐकत नाही. सावंतवाडीचे डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन लवकर करा, नाहीतर ऐकणे कायमचे जाईल. तू त्या माणसाकडे जाऊन खरेखोटे बघ. गोड बोलेल, भुलू नकोस. तू एका चहात विरघळतोस.

बहिणीवरची माया आटू देऊ नकोस.
तुझी सुभद्रा

मुंबई, २० नोव्हेंबर १९६१

चि. सुभद्रेस अ. उ. आ.

काल भिकाजीच्या गावकऱ्यांच्या परळच्या खोलीवर गेलो. चहा घेतला, पण विरघळलो नाही. फंड खरा निघाला. गावचे चाकरमानी दरमहा वर्गणी टाकतात आणि कुणाच्या घरी आजारपण आले की खर्च फंडातून होतो. वर्गणी माणशी नाही, चुलीमागे तीन रुपये. मथुरा आता तुझ्या चुलीवर जेवते, म्हणून भिकाजीला दुसऱ्या चुलीचा वाटा पडला. फंड सांभाळणारे दाजी म्हणाले, त्या चुलीवर जेवतील त्या सर्वांना औषधपाणी मिळते. म्हणजे तुलाही. त्यावर भिकाजी पुटपुटला, की पोरगी आवशीक सोडून जेवतली खंय. आईला सोडून पोर जेवणार कुठे, एवढे त्यालाही कळते.

एक मात्र खटकले. ऑपरेशन मुंबईतच करू, महिनाभर माझ्याकडे राहील, असे तो पुन्हा पुन्हा म्हणत होता.

आहे ती माया आहेच, काळजी करू नये.
गुरुदास

देवबाग, २७ नोव्हेंबर १९६१

ती. दादास,
कृ. सा. न. वि. वि.

तरीच! कोर्टाने मथुरा माझ्याकडे दिली, ते त्याच्या अजून पचनी पडलेले नाही. महिनाभर म्हणे! तिकडच्या शाळेत नाव घालील आणि म्हणेल, इथेच रमली.

आणि फंड खरा म्हणून कापणे खरे होत नाही. पंचवीस रुपये पोरीच्या पोटाचे. तिच्याच ताटातले तीन काढून तिलाच औषध पाजायचे, यात बापाने काय दिले? वाटा त्याने आपल्या खिशातून भरावा. माझ्या औषधाची काळजी तर त्याने करूच नये. पण फंड तोडला तर ऑपरेशनचे दीडशे मी आणू कुठून? दादा, मला पोरीचे कान हवेत आणि पोरही हवी. हे दाजींपुढे मांड. ऑपरेशन सावंतवाडीतच, आणि पैसे थेट डॉक्टरांच्या हाती.

वहिनींना नमस्कार. लोभ आहेच, तो मला आता फार लागेल.
सुभद्रा

सावंतवाडी, १५ जानेवारी १९६२

ती. दादास,
कृ. सा. न. वि. वि.

तुला दिलेला शब्द दाजींनी पाळला. डॉक्टरांना पैसे पोचले, कापलेले रुपयेही परत आले. ऑपरेशन नीट झाले.

भिकाजी रजा काढून आला आहे. कुणी बोलावले नव्हते. रोज दवाखान्याबाहेरच्या बाकावर बसतो, पोरीला खाऊ आणतो. तो नुसता बघायला आला असेल यावर माझा विश्वास नाही. फाटकाबाहेर कुठली गाडी उभी आहे का, तेही मी बघून आले. मथुराचा हात एक क्षण सोडला नाही.

आज पट्टी सुटली. तिला घेऊन बाहेर आले, तेवढ्यात मागून त्याने हळूच हाक मारली, मथू गो म्हणून. माझ्या आधी पोरीने मान वळवली. इतक्या महिन्यांत तिला ऐकू आलेली पहिली हाक, आणि ती नेमकी त्याची! माझ्या हातातून हात सोडवून ती धावत गेली. मला आनंदाने रडू फुटले, दादा, पण डोळे पुसायलाही पदर वर नेला नाही. नजर फाटकावरच ठेवली.

थोरल्या भावाची सावली अशीच राहू दे.
तुझी सुभद्रा