पाचवीचा वर्ग

१० फेब्रुवारी १९४४
शाळा तपासायला नाझिरसाहेब येणार. परभणीहून सांगावा आला. शेरा चांगला पडला तर गावात पाचवी सुरू होईल. नाहीतर चौथी झाली की पोरं ढोरांमागे, दरसालचंच.
हेडमास्तर लगेच कामाला लागले. त्यांची जुनी युक्ती : हात सगळ्यांनी वर करायचे. उत्तर येणाऱ्यांनी उजवा, न येणाऱ्यांनी डावा. विचारायचं फक्त उजव्यांना. पोरं खूश. मला हसू आलं, रागही.

१२ फेब्रुवारी
शनिवार. नेहमीसारखा चौथीचा वर्ग बाहेर काढला. चिंचेची उंची किती? मलाही माहीत नव्हती. काठी रोवली, सावल्या मोजल्या, भांडणं झाली, उत्तर निघालं.
हे.मा. ओट्यावरून बघत होते. "मास्तर, जे तुम्हालाच येत नाही ते शिकवता कशाला?"
उत्तर इथे लिहितो. ही पोरं चाळिशीला पोचतील तेव्हा राज्य कुणाचं, कामधंदे कुठले, मला काय ठाऊक? मग पाठ काय करून घेऊ? शोधायची सवय लावतो. तेवढं जमतं.

१७ फेब्रुवारी
हे.मा. म्हणाले, पाचवी गेली तर तुमच्यामुळे गेली असं गावाला सांगेन. खरंच गेली तर...

२१ फेब्रुवारी
जिंकलो. आधी तेवढं लिहून ठेवतो.
नाझिरसाहेबांचा टांगा पेडगावच्या वाटेने आला. उतरले ते थेट चौथीत. पहिल्याच प्रश्नाला सगळे हात वर. साहेब मिशीत हसले. "डावे हातवाले, उभे राहा. मीही असल्याच शाळेत शिकलोय."
साहेबांनी खिडकीबाहेर बोट केलं. त्या विहिरीत पाणी किती?
मारोती, ज्याला सगळे ढ म्हणतात तो, म्हणाला, "माहीत न्हाई, साहेब." आणि लगेच, "मोजून सांगतो. जाऊ का?"
गेले की सगळे. मागून साहेब. दोराला दगड बांधला, सोडला, ओला भाग हातांनी मोजला. मारोतीनं उत्तर दिलं. तेवढ्यात कुंभाराची सरू पुढं आली. "हे आजचं झालं, साहेब. उन्हाळ्यात लय खाली जातंय. त्ये बी ध्यानात ठेवायलोत. हिरीच्या आतल्या दगडांवर खुणा केल्यात." साहेबांनी वाकून खुणा पाहिल्या.
"कुणी शिकवलं?"
"गुरुजींला बी येत नव्हतं. आमी मिळून शिकायलोत."
एवढी वर्षं नोकरी झाली, इतका आनंद कधी झाला नव्हता.
साहेब जाताना म्हणाले, पाचवीची शिफारस करतो. हुकूम मात्र वरून येईल.

२४ फेब्रुवारी
सरूचा बाप घरी आला. चौथीनंतर तिला घरकामाला घालणार होता. उभ्याउभ्याच म्हणाला, "पाचवी निघाली तर धाडतो, गुरुजी." चहा न घेता गेला. मला तर नाचावंसं वाटलं.

६ जून
हुकूम नाही. परभणीत जाऊन विचारलं, "कागद वर गेलाय" म्हणाले.
आज शाळा उघडली. पाहतो तर चौथी पास झालेली सगळी हजर. ओट्यावर आपापली गोणपाटं टाकून बसलेली. सरूही.
हे.मा.नी विचारलं, "ही कोणती यत्ता?"
मारोती म्हणाला, "पाचवी हाय."
मी आतला जुना फळा उचलला. जड आहे, एकट्याला पेलेना. दुसरी बाजू हे.मा.नी धरली.