भिंतीवरचं पत्रक

कांदिवली, गुरुवार, ऑगस्ट १९८४

अप्पा पुन्हा खोकतायत. बरं वाटलं म्हणून त्यांनी क्षयाच्या गोळ्या कधीच सोडल्या, हे आज संध्याकाळी कळलं. डोकंच फिरलं. आमच्या आरोग्य खात्याचं क्षयरोग्यांसाठीचं पत्रक लिहिलं कोणी? मीच ना! आधी साधंच लिहिलं होतं, ‘बरं वाटलं तरी गोळ्या सोडू नका.’ साहेब म्हणाले, फार घरगुती वाटतं. मग केलं, ‘लक्षणशमनानंतरही औषधोपचार खंडित करू नये.’ डॉक्टरांनी वाहवा केली. घरगुती म्हणे! मग लिहायचं होतं कोणासाठी?

अप्पांनी ते पत्रक भिंतीवर चिकटवलंय. येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवतात. मी ओरडलो, “अप्पा, यात हेच तर लिहिलंय!”

खोकला आवरून ते कौतुकानं म्हणाले, “काय लिवलंस रे झिला! एक शब्द कळणा नाय.”