गिबोनच्या वेशीत मोठ्याने वाचायचं पत्र

तेल-अबीब, खबार कालव्याकाठी, बाबेल देश
यरुशलेम पडल्यापासूनचं तिसरं वर्ष, जव कापणीचा महिना, सहावा दिवस

तिर्सा हिला, योआहाचा मुलगा पेदाया याच्याकडून.

परमेश्वर तुला, तुझा नवरा एहूद याला आणि लेक मिल्काला सुखात ठेवो. मुलगी झाल्याचं उंटवाल्या शल्लूमने सांगितलं. ऐकून माझ्या बायकोने, अहलाईने, पदराला डोळे पुसले आणि मग दिवसभर माझ्याशी बोलली नाही. का, ते पुढे येईल.

तुला वाचता येत नाही, म्हणजे हे पत्र मत्तनच वाचणार. मत्तन, लेका, जिवंत आहेस ना अजून? मग नीट ऐक. घरात बसून वाचू नकोस. वेशीत वडीलधारे जमलेले असताना, तिर्सा समोर असताना, मोठ्याने वाच. मध्येच खाकरू नकोस, आणि नको वाटली म्हणून एखादी ओळ गाळू नकोस.

मूळ गोष्ट आधी सांगून टाकतो, नाहीतर माझं नेहमीसारखं व्हायचं. माझा पुतण्या हनन आठवड्याभरात तिकडे यायला निघतोय. त्याच्या पिशवीत एक लेख आहे. तिर्सा आमच्या घरची कायमची दासी आहे, तिची मुलगीही आमचीच, असं त्यात लिहिलंय आणि खाली माझा शिक्का आहे. तो लेख खोटा आहे. शल्लूमचे उंट उद्याच निघतात, ते हननच्या गाढवांआधी पोचतील, म्हणून घाईने लिहितोय.

इथलं म्हणशील तर बरं चाललंय. चिखल, डास आणि कांदे. दगड म्हणून औषधाला सापडत नाही, घरंसुद्धा मातीची. खजुराची दारू पितात इथले लोक. पहिल्या वर्षी मी नावं ठेवली, आता पितो. अहलाईचे गुडघे धरलेत. यरुशलेमच्या वेढ्यात आमची दोन्ही मुलं गेली ते तू डोळ्यांनी पाहिलंस, त्यावर काय लिहू.

मला मात्र इथे मान आहे. हसू नकोस. शब्बाथाला, विसाव्याच्या दिवशी, लोक कालव्याकाठी जमतात, आणि आपल्या शेवटच्या राजाचं, सिद्कीयाचं, कुठे चुकलं ते मी तरुणांना सांगतो. राजाने बाबेलच्या राजाला देवाच्या नावाने वचन दिलं आणि मोडलं. संदेष्ट्याला चोरून बोलावून विचारलं, सल्ला मिळाल्यावर म्हणाला, हे आपलं बोलणं कुणाला कळू देऊ नकोस. सरदार त्याच संदेष्ट्याच्या जिवावर उठले तेव्हा म्हणाला, तुमच्यापुढे माझं काय चालतंय! खरं काय ते त्याला ठाऊक होतं बाबांनो, असं मी म्हणतो, पण ठाऊक असून काय उपयोग, माणसांना भ्याला. अशाने राज्यं बुडतात. लोक माना डोलावतात. मला फार बरं वाटतं.

मागच्या महिन्यात एकाने विचारलं, "आजोबा, वेढ्यात दासदासी मोकळे करायचा करार झाला होता ना? त्याचं पुढे काय झालं?"

मी म्हटलं, "राजाने सोडायला लावले. सरदारांनी परत धरून आणले. राजा गप्प बसला."

मागे अहलाई डाळ निवडत बसली होती. ती म्हणाली, "सरदारांनीच का हो? बाकीचे काय करत होते?"

सगळे हसले. मी विषय बदलला.

दुसऱ्या दिवशी सकाळीच हनन आला. म्हणाला, "काका, बरी आठवण दिलीत काल. आपली गिबोनची बाग बाबेलच्या खास्द्यांनी त्या तिर्साला कसायला दिलीय. त्यांच्याकडून आपल्याला ती परत मिळायची नाही. पण तिर्साच्या कानाला भोक आहे की नाही? दासी आपली, मग तिच्या हातातलं सगळं आपलंच. पोरगीही. तुम्ही फक्त शिक्का मारा."

हनन वाईट नाही, तिर्सा. आजारपणात त्याने मला पाठीवर घालून वैद्याकडे नेलं. मी गेल्यावर माझी हाडं गिबोनला, माझ्या बापाच्या थडग्यात नेऊन ठेवायचं त्याने कबूल केलंय. दुसरं कोण आहे मला? त्याच्या तोंडावर नाही म्हणवेना. मारला शिक्का.

तेव्हापासून अहलाई ताट माझ्यापुढे आदळते.

आता ते सांगतो.

मंदिरात वासरू मधोमध चिरून दोन बाजूंना ठेवलं होतं. करार मोडला तर आमचंही असंच होवो, असं म्हणत सगळे मधून चालत गेले. मीही गेलो. त्या संध्याकाळी तुला मोकळं केलं, आणि मी किती भला असं मला वाटलं. खरं सांगू? धान्य तळाला लागलं होतं. खाणारं एक तोंड कमी झालं म्हणून जीव हलका झाला होता. तुझी चाकरीची सहा वर्षं तर वेढ्याआधीच भरली होती. सातव्या वर्षी खळ्यातलं, कळपातलं देऊन तुला पाठवायला हवं होतं. मी तेव्हाही विसरल्यासारखं केलं होतं.

मग मिसरची फौज आपल्या मदतीला येत असल्याची बातमी आली आणि खास्दी वेढा उठवून निघून गेले. दरवाजे उघडले. काय आनंद झाला होता! आठ दिवसांत शेजाऱ्याने त्याचा दास धरून आणला. पलीकडच्याने दोन आणले. वर राजा काही बोलेना. मी म्हटलं, राजा बोलत नाही तिथे आपण कोण लागून गेलो? बागेत कामाला माणूस नव्हतं. मी गिबोनला आलो. तळ्याच्या पायऱ्यांवर तू घागर भरत होतीस. मला पाहून घागर खाली ठेवलीस, पण पळाली नाहीस.

नुसतं धरून आणलं असतं तर लोक म्हणाले असते, करार मोडला. मला तेही नको होतं. म्हणून मी कान टोचायची आरी घेतली, मत्तनला आणि अजून दोघांना साक्षीला बोलावलं, आणि तुला माझ्या दाराच्या चौकटीशी उभं केलं. नियम सगळ्यांना माहीत आहे. दासीने स्वतःच्या तोंडाने म्हणायचं, मला धन्यावर माया आहे, मला जायचं नाही. मगच चौकटीला कान टेकवून टोचायचा. मग ती जन्माची त्या घरची.

मत्तन, इथे थांबू नकोस. वाच.

ती काही बोलली नाही. एक शब्द नाही. मी म्हटलं, "लाजतेय पोर. घरी मला सांगून चुकलीय, तिला जायचं नाही." तिने मला घरी काही सांगितलं नव्हतं. मत्तन, तू माझ्याकडे पाहिलंस, मग तिच्याकडे, आणि म्हणालास, "बरं बरं, उरका." तुलाही कळलं होतं. मी आरी मारली. तिर्सा, तू ओरडली नाहीस, चौकटीवर हात दाबून उभी राहिलीस. दार मीच लावून घेतलं.

महिन्यातच खास्दी परत आले. तुला मी पुन्हा शहरात नेलं, पुन्हा वेढ्यात. तू गिबोनला असतीस तर ते हाल तुझ्या वाट्याला आले नसते. तरी शेवटपर्यंत तू अहलाईला पाणी आणून पाजलंस. मला लाज वाटते. इतकी वाटते की तीन वर्षं मी राजाबद्दलच बोलत राहिलो.

हे पत्रही चोरून पाठवावं असं एकदा मनात आलं. मग वाटलं, चोरून तर राजानेही खूप केलं. काल हननला बोलावून इथवर लिहिलेलं सगळं वाचून दाखवलं आणि लेख परत मागितला. त्याने दिला नाही. लालबुंद झाला. म्हणाला, "काका, घराण्याची अब्रू वेशीवर टांगताय. मग तुमच्या हाडांचं तुम्हीच बघा." आणि निघून गेला. अहलाई म्हणाली, "जाऊ दे. इथली मातीही मऊच आहे." काल तिने मला गरम भाकरी वाढली.

या पत्रावर माझा शिक्का आहे, शेवटचा. अबीयाम कुंभार आणि हाराप सुतार या दोन साक्षीदारांसमोर तो मारला, आणि हातातला शिक्का लगेच जात्याखाली घालून फोडला. यापुढे माझ्या नावाने कुणी काही आणलं तर ते माझं नाही.

दासीला मोकळं करताना रिकाम्या हाती पाठवू नये, असा नियम आहे. बाग मी दिली म्हणायला मला तोंड नाही, ती तू तुझ्या कष्टाने राखलीस. द्यायला माझ्याकडे एवढी कबुलीच आहे. तू माझी दासी नाहीस. वासराच्या दोन भागांमधून मी चालत गेलो त्या दिवसापासून नाहीस. मिल्का कुणाचीही दासी नाही.

आता मत्तन पत्र खाली ठेवेल आणि वेशीतले तुला विचारतील, हे खरं आहे का? तुझ्या वतीने कुणी उत्तर देऊ नये. एहूदनेही नाही. तुला वाटेल ते सांग, माझ्याबद्दलही, आणि वाटेल तितका वेळ घे.

मी गप्प बसतो.

पेदाया
जो तुझा धनी नाही