पोटातली माती

प्रिय बारक्या,

सात महिने रोज कागद काढला आणि ठेवून दिला. दादाची ओळख पटवायला मलाच नेलं होतं. खत ओढायच्या दाताळ्याचे चार दात कानामागून आत शिरले होते, पाचवा हाडावर वाकला होता. त्या वाकलेल्या दातावरून मला तुझा जोर कळला. वहिनी अजून शेडकडची खिडकी उघडत नाही.

तुम्हा दोघांची मारामारी मला नवी नव्हती. सायकलच्या पंपाने त्याने तुझी भुवई फोडली होती. तू त्याच्या दंडाला असा चावलास की तीन टाके पडले. अर्ध्या तासाने दोघं एकाच ताटात जेवत होतात. आई म्हणायची, काठी मारल्याने पाणी दुभंगत नाही. मीही तेच धरून बसले होते.

शेडमध्ये गांडुळं पाळायचं ठरलं तेव्हाही वाद झालाच. दादाने गाईच्या शेणावर वाढवली, तू घोड्याच्या लिदीवर. कोंबडीखाद्यवाल्याने सांगितलं, ज्याच्या गांडुळांच्या पुडीत प्रथिनं जास्त, त्याचाच माल घेणार. तपासणी माझ्याच प्रयोगशाळेत आली. अकरा वर्षं मी हे काम करते आहे. गांडुळं उकळत्या पाण्यात टाकली की एकदाच आवळतात आणि सैल पडतात. मग वाळवायची, दळायची, मोजायची. मला कधी काही वाटलं नव्हतं. आता घरात चहाचं आधण ठेवलं तरी मी बाहेर जाऊन उभी राहते.

शंभर ग्रॅमला दादाची प्रथिनं त्रेसष्ट आली, तुझी एक्केचाळीस. दादाने माझा अहवाल तुझ्या वाफ्याच्या फळीवर खिळ्याने ठोकला आणि सगळ्यांसमोर म्हणाला, घोड्याचं खाऊन बारक्याची गांडुळं गाढव निघाली. तू हसलास सुद्धा. दुसऱ्या दिवशी जागा रिकामी करायची म्हणून त्याने तुझ्या सहाही वाफ्यांवर उकळतं पाणी ओतलं. तीन वर्षांची पैदास वर येऊन गाठी मारून मेली. तू दारात पोचलास तेव्हा शेवटच्या वाफ्यातून वाफ निघत होती आणि दाताळं भिंतीला टेकलेलं होतं.

आता मला सांगायचं ते सांगते. गांडुळं मारण्याआधी दिवसभर ओल्या कागदावर उपाशी ठेवायची असतात, म्हणजे पोटातली घाण आणि माती निघून जाते. दादाची मी ठेवली होती. तुझी पिशवी आली त्या दिवशी माझी दाढ ठणकत होती. मला लवकर निघायचं होतं. तुझी तशीच उकळली. पूड जाळल्यावर राख दादाच्या चौपट उरली तेव्हाच कळायला हवं होतं, पण मी सही केली. तुझ्या गांडुळांच्या पोटातली माती मी त्यांच्या अंगाची म्हणून मोजली. तू आधी दिलेली एक पिशवी थंड कपाटात उरली होती, तेव्हाच पोट रिकामं करून गोठवलेली, तुझ्याच हातची चिठ्ठी लावलेली. गेल्या आठवड्यात ती तपासली. चौसष्ट. दादापेक्षा एक जास्त. सोमवारी साक्षीला उभी राहीन तेव्हा हे सांगणार आहे. वकील म्हणाले, याने शिक्षा कमी होणार नाही, उलट तुमची नोकरी जाईल. जाऊ दे. वहिनीला काल सांगितलं, तिने दार लावून घेतलं. दादाला सांगायचं राहून गेलं. कोर्टात कानावर पडण्याआधी तुला तरी माझ्याकडून कळावं, म्हणून हे लिहिलं.

दाढ मी काढून टाकली.

तुझीच,
ताई