एक नंबर कुठून मोजायचा

कोईमतूर, १२ जानेवारी २०२५

ती. नानांस,

हेमराजचा सा. न. वि. वि. मी इकडं ठीक आहे. तुमची, मायची आणि गाडीची खुशाली कळवा.

फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही, आणि मी ओरडलो की शेजारच्या खोलीतले धावत येतात. म्हणून चिठ्ठी. अक्षर चौथीतलंच राहिलंय, तेवढं सांभाळून घ्या.

माय सांगत होती, अँबॅसिडरचा क्यामशाफ्ट घासून गेला, आणि होळीपर्यंत गाडी चालू झाली नाही तर ती दोधू भंगारवाल्याला देऊन तुम्ही खापरचं गॅरेजही बंद करणार. नाना, असं नका करू. त्याच डिकीतून आपण नंदुरबारहून मिरचीची पोती आणली होती, आठवतं? पुढं महिनाभर जो बसेल तो शिंकतच उतरायचा. सारंगखेड्याच्या यात्रेला जाताना तुम्ही बॉनेट उघडून पेचकसाचं टोक इंजिनला आणि मूठ कानाला लावायचे, डॉक्टरसारखे. मला तेव्हा वाटायचं, इंजिन तुमच्याशी अहिराणीत बोलतं.

क्यामशाफ्ट, टप्पेट, दात्यांच्या दोन्ही गराऱ्या आणि चेन पार्सलनं पाठवलीय. रेडिएटर आणि पुढचं कव्हर काढा. नवा क्यामशाफ्ट सुका घालू नका, ऑइल चोळा. दोन्ही गराऱ्यांवर एकेक टिंब आहे. ती टिंबं तोंडाला तोंड लावून आली की मगच चेन चढवा. नंतर पुली एक पूर्ण फेरा फिरवा, म्हणजे एक नंबर सिलिंडर पेटायच्या जागी येतो. डिस्ट्रिब्युटर बसवताना रोटरचं तोंड एक नंबरच्या वायरीकडं ठेवा. झालं काम.

ही चिठ्ठी बॉनेटवर ठेवूनच हात घाला. रागावलात तरी चालेल, पण माया कमी करू नका.

तुमचा
हेमराज

खापर, ६ फेब्रुवारी २०२५

चि. हेमराज यास अनेक आशीर्वाद.

तुझं पार्सल आलं. कामाला आठ दिवस लागले, पण चिठ्ठीत लिहिलं तसंच केलं. क्यामशाफ्टचं काम आजवर मी नंदुरबारलाच पाठवत आलो, हे पहिलंच. काल हँडल मारलं, तर कार्बोरेटरमधून भडका उडाला आणि माझी डावी भुवई गेली. तुझी माय म्हणे, आता तुम्ही सारखे कुणाला डोळा मारताय असं वाटतं.

हसण्यावारी नेलं, पण रस्त्यावर माणसं जमली होती. जालमसिंग टायरवाला म्हणे, मिस्तरी थकला. मला ऐकू आलं नाही, त्याच्या ओठांवरून कळलं. टिंबं तीनदा पाहिली, तोंडाला तोंड आहेत. रोटर एक नंबरकडंच आहे. तरी गाडी नुसती खोकते.

माझ्याच हातांचं चुकत असेल. दोधूला निरोप दिलाय, होळीच्या आदल्या दिवशी टेम्पो आणतो म्हणाला. तू वाईट वाटून घेऊ नको. आधी सुरत, मग हैदराबाद, आता कोईमतूर. तुझी माय तुला भिंगरी म्हणते. भिंगरीला काय थांब म्हणायचं?

तब्येत जप. आमचं मन तिकडंच आहे.

चुनीलाल

कोईमतूर, १५ फेब्रुवारी २०२५

ती. नानांस,

सा. न. आधी दोधूला थांबवा, मग पुढचं वाचा.

चेनला हात लावू नका. तुमच्या हातांचं काही चुकलं नाही, माझ्या चिठ्ठीचं चुकलं. तुमची चिठ्ठी वाचता वाचता ‘एक नंबर’वर आलो आणि कपाळावर हातच मारला. आपल्याकडं एक नंबर ड्रायव्हरकडून मोजतात. मी विचारलं होतं तेव्हा तुम्ही म्हणाले होते, जो चालवतो त्याच्यापासून सुरू करायचं, गाडी त्याची असते. इथं सगळे रेडिएटरकडून मोजतात. इथं पहिल्या दिवशी मी शेवटच्या सिलिंडरला एक नंबर म्हणालो, तर सगळं वर्कशॉप हसलं. तेव्हापासून मी त्यांचीच मोजणी धरली. इतकी धरली की तुम्हाला लिहितानाही त्यांचाच एक नंबर लिहिला. आपला मला आठवलाच नाही. याचं वाईट वाटतंय, भुवईपेक्षा जास्त.

तुमचा एक नंबर तो माझा चार नंबर. दोन्ही पिस्टन एकाच वेळी वर येतात, पण पेटायची पाळी एकाचीच, आणि ठिणगी गेली दुसऱ्याला. म्हणून भडका. पुली पुन्हा त्याच जागी आणा. डिस्ट्रिब्युटर उचला, अर्धा फेरा फिरवून रोटर रेडिएटरजवळच्या प्लगच्या वायरीकडं आणा आणि बसवा. दुसरं काही नाही.

हँडल मारताना तोंड लांब ठेवा. एक भुवई शिल्लक आहे.

तुमचा, चुकलेला,
हेमराज

खापर, २२ मार्च २०२५

चि. हेमराज यास अनेक आशीर्वाद.

दुसऱ्या हँडलला चालू झाली. मला कळलं नाही. मी तिसरं मारायला वाकलो तर तुझ्या मायनं शर्ट धरून मागं ओढलं. मग मडगार्डवर हात ठेवला. बारीक थरथर होती, पूर्वीसारखी. बराच वेळ हात काढला नाही.

दोधू टेम्पो घेऊन आला तेव्हा दारात गाडी नव्हती. मी आणि तुझी माय तिच्यातून अक्कलकुव्याला होळीचा बाजार करायला गेलो होतो. जालमसिंगच्या दुकानापुढून दोनदा नेली, एकदा कामाशिवाय. गॅरेज उघडंच आहे.

मोजणीचं मनाला लावून घेऊ नको. जिथं राहावं तिथलं मोजावं लागतं.

पार्सलमध्ये एक कागद होता. नवा क्यामशाफ्ट घातला की पाचशे किलोमीटरला टप्पेट पुन्हा सेट करायचे, असं त्यात आहे. ते काम कानाचं आहे, टकटक ऐकून करायचं, माझ्याच्यानं व्हायचं नाही. चारशे साठ झालेत. गाडी उभी करून ठेवलीय. बाजारात मी पायी जातो.

तुझी वाट पाहणारे,
चुनीलाल आणि सरलाबाई